चाळीची पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. किती मजल्यांचा टॉवर, किती चौरस फुटांचं घर, गाड्या कुठे उभ्या राहणार, सगळं त्यात होतं. ते घर कुणाच्या नावावर चढणार, याचा मात्र एका ओळीचाही उल्लेख नव्हता. मी आज तेवढ्याच एका गोष्टीबद्दल लिहिते आहे. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी टपाल खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली पंधराएक वर्षं मनीऑर्डरच्या खिडकीवर गेली. गिरगावातली मनीऑर्डर म्हणजे मुख्यतः कोकणातली. पगार झाला की पहिल्या आठवड्यात रांग थेट जिन्यापर्यंत जायची. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण, आई-वडिलांच्या नावानं, बायकोच्या नावानं. पण त्या गठ्ठ्यात काही फॉर्म निराळे असत. पत्ता काळबादेवीचा, नाहीतर वाळकेश्वरचा. रक्कम साठ, पंच्याऐंशी, एकशे बारा रुपये. खाली संदेशाच्या जागेत लिहिलेलं असे, 'माहे एप्रिलचे भाडे. पावती द्यावी.'

मालकानं भाडं घ्यायचं बंद केलं की चाळीतला माणूस ते मनीऑर्डरनं पाठवतो. पुढेमागे 'यांनी भाडं थकवलं' असा दावा आला, तर आपण द्यायला तयार होतो हे दाखवता यावं म्हणून. दर वीस रुपयांना एक रुपया कमिशन. शंभर रुपये भाड्याला पाच रुपये वर जायचे. आठ-दहा दिवसांत ती मनीऑर्डर बहुधा परत यायची. पोस्टमननं शेरा मारलेला असे, 'घेण्यास नकार'. पैसे परत, कमिशन गेलेलं, आणि हातात तो शेरा मारलेला कागद. लोक तो कागद देवघरात ठेवल्यासारखा जपून ठेवत.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. एक आजी दर तीन महिन्यांनी असा फॉर्म घेऊन यायच्या. अक्षर त्यांचंच, पण पाठवणाऱ्याच्या जागी एका पुरुषाचं नाव. एकदा रांग नव्हती म्हणून विचारलं, "आजी, हे कोण?" म्हणाल्या, "आमचे मामंजी." "ते येत नाहीत कधी?" "त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, बाई." मी म्हटलं, मग तुमचं नाव घाला. त्यावर त्या म्हणाल्या, "पावती त्यांच्या नावाची आहे ना. माझ्या नावानं पैसे गेले तर मालक विचारेल, ही कोण?"

मी शिक्का मारला आणि पुढचा फॉर्म घेतला. त्या वेळी मला कायदा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर त्यांना तिथेच सांगितलं असतं, आजी, अठ्ठावीस वर्षं भाडं तुम्ही भरताय, त्या खोलीच्या भाडेकरू तुम्ही आहात, तुमचंच नाव लिहा. ते सांगायचं राहून गेलं, याची चुटपुट मला अजून आहे.

पुढे हीच वेळ माझ्यावर आली. आमची खोली ठाकूरद्वार नाक्यापासून पाच मिनिटांवर. मी १९८३ साली लग्न होऊन या खोलीत आले. पावती सासऱ्यांच्या नावावर होती. सासरे १९९१ मध्ये गेले. "पावती नावावर करून घ्यायला हवी," असं माझे यजमान दर दिवाळीला म्हणायचे आणि दर दिवाळीला ते राहून जायचं. घरात कुणाला घाई नव्हती. भाडं जात होतं, पावती येत होती, नाव काय, सासऱ्यांचंच तर आहे! २०११ मध्ये यजमान गेले. तेराव्यानंतर महिन्याभरानं मी दोन मृत्युदाखले घेऊन मालकाच्या कचेरीत गेले. तिथल्या मेहताजींनी दाखले नीट वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाले, "सगळ्या भावाबहिणींची ना हरकत आणा. मग शेठशी बोलून रक्कम सांगतो." रक्कम सहा लाख निघाली. माझ्या भविष्यनिर्वाह निधीत तेव्हा तेवढे नव्हते.

माझं नशीब असं, की माझे दीर आणि नणंद दोघांनीही न मागता प्रतिज्ञापत्र करून दिलं. दीर स्वतः माझ्याबरोबर वकिलाकडे आले. "वहिनी, आईबाबांचं तुम्ही केलंत, खोली तुमचीच," एवढंच म्हणाले. तरीसुद्धा पावतीवर माझं नाव चढायला अडीच वर्षं लागली. सहा लाख मी दिले नाहीत. वकिलाची नोटीस गेली, लघुवाद न्यायालयात दावा लावायची तयारी केली, तेव्हा कुठे पावती आली. ती पहिली पावती हातात घेऊन मी जिन्यातच बसले होते. भाडं १३४ रुपये, खाली दुरुस्ती उपकर, म्युनिसिपल कर, आणि वर माझं नाव. तीस वर्षं ज्या खोलीत मी पाणी भरलं, तिच्या एखाद्या कागदावर माझं नाव मी पहिल्यांदाच पाहत होते.

कायदा काय म्हणतो ते आपल्या वाचकांना, विशेषतः चाळीतल्या बायकांना, साध्या शब्दांत सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ७ मध्ये भाडेकरू म्हणजे कोण हे सांगितलंय. राहत्या जागेचा भाडेकरू वारला, तर मरणसमयी जो कुटुंबीय त्याच्याबरोबर त्या जागेत राहत होता, तो भाडेकरू. मृत्यू हा कायदा येण्याआधीचा असला तरी हेच लागू. बरोबर राहणारं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. आपसांत जमलं नाही तर न्यायालय ठरवणार. म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. डोंबिवलीला, विरारला, पुण्याला स्वतःचं घर घेऊन गेलेले भाऊ आणि म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण-पांघरूण करत त्याच दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेली सून, या दोघांत कायदा सुनेकडे पाहतो. विधवेकडे पाहतो. वडिलांसाठी लग्न न करता राहिलेल्या मुलीकडे पाहतो. असा बाईला धरून असलेला कायदा आपल्याकडे पंचवीस वर्षं आहे आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या बहुतेकींना त्याचा पत्ता नाही.

आमच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. १९७९ साली लग्न होऊन आल्या. नवरा गिरणीत होता, १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करत राहिला, २००३ मध्ये गेला. सासऱ्यांच्या पश्चात पावती सासूबाईंच्या नावावर झाली होती. सासूबाई पुढे नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना उचलून मोरीपर्यंत नेणं, कुशीवर वळवणं, हे वहिनी आणि त्यांची मुलगी दोघींनी केलं. वहिनींच्या पाठीचा मणका त्यात गेला, आजही त्या जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबतात. सासूबाई २०१२ मध्ये गेल्या. तोवर त्या खोलीकडे दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. पुनर्विकासाची पहिली सभा झाली आणि पुढच्याच रविवारी धाकटे दीर मृत्युपत्र घेऊन आले. आईनं खोली मला दिली, अंगठा आहे, दोन साक्षीदार आहेत. मालकानं त्यांच्या नावानं पत्रही देऊन टाकलं.

वहिनींनी मला बोलावलं. खाटेखालून त्यांनी एक तार काढली. जुन्या वाण्याच्या दुकानात असायची तशी, खाली लाकडी चकती, वर टोकाला आकडा, आणि तारेत ओवलेल्या पावत्या. सगळ्यात खालच्या पावत्यांवर भाडं रुपये-आण्यांत आहे. कागद इतका पिवळा आणि ठिसूळ, की बोट लावायची भीती वाटावी. मधल्या पावत्यांवर हळदीचे, तेलाचे डाग, कारण तार कित्येक वर्षं स्वयंपाकाच्या फळीजवळ टांगलेली होती. वरच्या पावत्या नव्या, छापील. १९७९ नंतरच्या प्रत्येक पावतीच्या पाठीमागे वहिनींनी पेन्सिलीनं तारीख आणि पैसे कुठून आले ते लिहून ठेवलं होतं. 'शिवणाचे.' 'दिवाळी बोनस, मुलीचा.' 'बांगडी मोडली.' पुढच्या बाजूला सासऱ्यांचं नाव, मग सासूबाईंचं नाव. मागच्या बाजूला वहिनींची चाळीस वर्षं.

त्या मृत्युपत्राबद्दल सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयानं १९९४ सालीच, जुन्या मुंबई भाडे कायद्याखालच्या एका खटल्यात, स्पष्ट केलंय की असं भाडेकरूपण मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही. जो बरोबर राहत होता त्याचा हक्क मृत्युपत्रानं मोडत नाही. हे ऐकल्यावर वहिनी कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे आत्यांचा अंगठा खोटा नसला तरी?" खोटा नसला तरी. दावा आता धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात आहे. तारखा पडताहेत. वहिनी एकाही तारखेला चुकलेल्या नाहीत, टॅक्सी करून जातात आणि चढताना थांबत थांबत जातात.

एवढं सगळं आत्ताच का उफाळून येतं, ते सांगायला हवं. चाळीची खोली जोवर गळकी, सामायिक संडासाची, शंभर-दीडशे रुपये भाड्याची होती, तोवर त्या पावतीला कुणी विचारत नव्हतं. दुरुस्तीचंच बघा. मालकानं दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी कायद्यात सोय आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त वळता करता येत नाही. महिना ११२ रुपये भाडं असेल तर ती रक्कम वर्षाला ३३६ रुपये होते. तेवढ्यात सिमेंटची एक गोण येत नाही. म्हणून दुरुस्तीसाठीचा उपकर भरायचा आणि म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्ती मंडळाची वाट बघायची, हेच आमच्या पिढीनं केलं. कित्येक इमारतींना ती वाटही पुरली नाही. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, ३३ माणसं गेली. फोर्टमधली भानुशाली इमारत १६ जुलै २०२० ला, ऐन करोनात.

आता मुंबईच्या विकास नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली उपकरप्राप्त, म्हणजे असा उपकर भरणारी जुनी, इमारत नव्यानं बांधली की जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकी हक्कानं मिळतं. ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेलं भाडेकरूपण धरत नाहीत. यादी म्हाडा प्रमाणित करते. म्हणजे ज्या कागदावर काल ११२ रुपये लिहिलेले होते, तो कागद उद्या गिरगावातलं कोट्यवधींचं घर होतो. म्हणून दूरचे पाय चाळीचा जिना चढू लागतात. आणि यादीत चढतं ते पावतीवरचं नाव. पावती मृताच्या नावावर असेल तर जो आधी कागद आणि ना हरकत घेऊन उभा राहील त्याचं. तोवर बाई घरात पाणी भरत असते.

संमतीपत्रावरची सही त्याच नावाची. करारनामा त्याच नावाचा. आणि सगळ्यात लवकर टोचणारी गोष्ट, इमारत रिकामी केल्यावर बिल्डर दरमहा पर्यायी घराचं जे भाडं देतो, त्याचे धनादेशही त्याच नावानं. शेजारच्या गल्लीतल्या एक मावशी चार वर्षांपूर्वी चाळ पाडल्यावर विरारला गेल्या. भाड्याचे धनादेश पुतण्याच्या खात्यात जमा होतात, कारण नाव त्याचं. मावशी विरारच्या खोलीचं भाडं पापड लाटून भरतात. मला भेटायला येतात तेव्हा चर्नी रोडला उतरून आधी चाळीच्या जागेवर जातात, पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून खड्डा बघतात, मग माझ्याकडे येतात.

हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून मला राहवत नाही. त्याच नियमावलीतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियम ३३(१०) मध्ये झोपडीधारकाशी होणारा करार नवरा-बायको दोघांच्या संयुक्त नावानंच करायचा, असं लिहिलेलं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावं लागतं. बाईनं स्वतःच्या नावावर घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लागतं. एवढं सगळं या राज्यानं केलंय, तर शंभर वर्षांच्या चाळीतल्या बाईचं नाव भाडेकरूंच्या यादीत पतीच्या नावाशेजारी लिहायला काय अडचण आहे? झोपडीला जो नियम, तो चाळीला का नको?

मी मूळची शेतकऱ्याच्या घरातली. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडचं अधिवेशन १९८६ चं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. पुढे सरकारनंही त्याचं परिपत्रक काढलं. माझ्या मोठ्या भावानं तेव्हा तलाठ्याकडे जाऊन वहिनीचं नाव सातबाऱ्यावर लावलं. कुणी सक्ती केली नव्हती, भाषण ऐकून आला आणि गेला. मुंबईच्या चाळीतला पुरुष बहुतेक अशाच घरातून आलेला आहे. चाळीत सातबारा नसतो, पावती असते. ती हयातीतच दोघांच्या नावावर करून घ्या, असं मी प्रत्येक भावोजींना हात जोडून सांगते. मालक आज कदाचित नाही म्हणेल. तरीही अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तो अर्जच उद्या तुमच्या बायकोचा पुरावा होईल.

तीन वर्षांपासून आम्ही पाच बायका दर रविवारी सकाळी दहा ते बारा चाळीच्या तळमजल्यावर, गणपतीचं सामान असतं त्या खोलीत बसतो. संस्था नाही, वर्गणी नाही. वकीलबाई महिन्यातून एकदा येतात. सुरुवात स्वतःच्या चाळीपासून केली. आमची ४४ बिऱ्हाडं. घरोघर जाऊन पावत्या बघितल्या. १९ पावत्या हयात नसलेल्या माणसांच्या नावाच्या निघाल्या. हयात बाईच्या नावाच्या पाच, त्यातली एक माझी. ज्या घरांत पावती मृताच्या नावाची होती, त्यांतल्या बहुतेक घरांत भाडं बाईच नेऊन देत होती.

आम्ही एकेकीला कागद गोळा करायला लावतो. शिधापत्रिका, मतदार यादीतलं नाव, गॅसचं पुस्तक, विजेचं बिल, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, ज्यांवर हाच पत्ता आहे. ज्याच्या नावावर पावती होती त्याचा मृत्युदाखला आणि त्यावरचा पत्ता. इस्पितळातून घरी सोडल्याचा कागद असेल तर तोही, कारण त्यावर सोबत कोण होतं ते पुष्कळदा लिहिलेलं असतं. एकीच्या बाबतीत मुलीच्या बालवाडीच्या फीची पावती उपयोगी पडली. जुनं काही फेकू नका, असं सांगताना माझा आवाज चढतो हे मला माहीत आहे. पण पुनर्विकासाच्या आनंदात पहिला टेम्पो रद्दीवाल्याकडे जातो आणि त्यात चाळीस वर्षांचा पुरावा जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग मालकाला पत्र. मसुदा आम्ही देतो, पण लिहायचं तिनं स्वतःच्या हातानं. पोचपावतीसह पाठवायचं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे बायका गोंधळतात. तेवढं माझ्याकडे असतं. आणि मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव, खाली संदेशात 'कै. अमुक यांची पत्नी व सध्याची भाडेकरू, माहे अमुकचे भाडे'. पहिल्यांदा असा फॉर्म भरून घेतला तेव्हा मला मामंजींच्या नावानं पैसे भरणाऱ्या त्या आजी आठवल्या.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली आणि पन्नास-साठ वर्षं तशीच राहू दिली. सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर १९९७ मध्ये ते आता वाजवी उरलं नाही असं म्हटलं. नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळात भाडंच शंभर असलं तर वाढ ती किती. मालकाच्या घरातही वाटण्या आहेत, कज्जे आहेत. पागडीची, म्हणजे ठोक रक्कम देऊन भाड्यानं घेतलेली, खोली विकली गेली तर रिवाजानं साधारण तिसरा हिस्सा मालकाला मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नवरा मेल्यावर त्याच खोलीत राहणाऱ्या बायकोचं नाव लावणं म्हणजे विक्री नव्हे. तिच्याकडे लाखांची मागणी करण्याला कशाचाच आधार नाही. भाडं मिळालं की पावती देणं हे कायद्यानं मालकावर बंधन आहे. ती पावती जिवंत माणसाच्या नावाची असावी, एवढंच आम्ही मागतो.

सरकारकडे आणि म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे माझं मागणं असं, की संमती मोजण्याआधी भाडेकरूंची यादी चाळीच्या दारात, सगळ्यांना वाचता येईल अशी, मराठीत लावावी आणि हरकतीला निदान दोन महिने द्यावेत. यादीत पावतीवरच्या नावाशेजारी 'सध्या खोलीत कोण राहते' असा रकाना हवा आणि तो मंडळाच्या माणसानं घरात येऊन, घरातल्या बाईशी बोलून भरावा. सभेला जो पुरुष हजर होता त्याला विचारून भरू नये. भाडेकरू विवाहित असेल तर करार झोपडपट्टी योजनेसारखा संयुक्त नावानं व्हावा. वाद न्यायालयात असेल तर निकाल लागेपर्यंत पर्यायी घराचं भाडं त्या खोलीत प्रत्यक्ष राहणाऱ्या व्यक्तीला मिळावं, कारण रस्त्यावर तीच येणार असते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. एक परिपत्रक लागतं.

आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींना आम्ही दोनदा निवेदन दिलं. दोन्ही वेळा चांगलं बोलले, चहा पाजला. पुढे काही हललं नाही. म्हणून हे पत्र. आपल्या दैनिकानं पुनर्विकासाची बातमी देताना घरांच्या संख्येबरोबर 'यातली किती बाईच्या नावावर' एवढा एक प्रश्न बिल्डरला आणि मंडळाला विचारावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आमच्या चाळीची यादी पुढच्या महिन्यात मंडळाकडे जायची आहे. मृतांच्या नावाच्या त्या १९ पावत्यांपैकी आतापर्यंत सात बायकांच्या नावावर झाल्या. नऊ जणींचे अर्ज मालकाच्या कचेरीत पडून आहेत, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे फाईलमध्ये आहेत. दोन घरांत भाऊ-बहिणींचं अजून जमत नाही. उरलेली खोली वहिनींची. त्यांची पुढची तारीख बावीसला आहे.

वहिनींचा दावा चालू असल्यानं माझं नाव छापू नये.

आपली वाचक,
टपाल खात्यातून निवृत्त कर्मचारी,
गिरगाव, मुंबई ४